कॅमेरा कोणी पाठवला?

देगलूरला फोटो स्टुडिओ चालवण्यात माझं आयुष्य गेलं. लग्नाचे अल्बम, शाळेचे ग्रुप फोटो, कामासाठी हैदराबादला निघालेल्यांचे पासपोर्ट साइज. आमच्या भागातल्या या धंद्याचा इतिहासही हैदराबादेतूनच सुरू होतो. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. राजवाडे, शिकारी, लाटसाहेबांचे दौरे त्यांनी टिपलेच. पण 1899-1900च्या दुष्काळात औरंगाबादकडच्या मदतकामांचे फोटोही त्यांच्याच स्टुडिओने काढले. भुकेने वाळलेली माणसं कॅमेऱ्यासमोर ओळीने बसवलेली. आपल्या मराठवाड्याचीच ती माणसं. पण अल्बम होता सरकारच्या सत्कार्याचा. माणसं त्यात पुराव्यापुरती आली, तीही निनावी.

ही रीत मोडणाऱ्यांत मी सुधारक ओलवे यांचं नाव आदराने घेतो. ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईत जे.जे.मध्ये छायाचित्रण शिकले आणि 1988 पासून वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करू लागले. नोकरी वर्तमानपत्रातली, पण मन गुंतलं महापालिकेच्या सफाई कामगारांत. शहराची घाण उपसणारे हे हजारो कामगार बहुतेक सगळे दलित. गटारात छातीपर्यंत उतरलेला माणूस त्यांनी दाखवला, तसंच त्याचं घर आणि बायकापोरंही दाखवली. 2005 मध्ये नॅशनल जिओग्राफिकने या कामाचा गौरव केला, फोटो परदेशांतल्या प्रदर्शनांत गेले. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यानंतरही ते मध्य प्रदेशात हाताने मैला उचलणाऱ्या बायकांपर्यंत गेले. या कामावर बंदी घालणारे कायदे 1993 आणि 2013 चे, फोटो त्यानंतरचे. कायदा कागदावर आहे आणि टोपली अजून डोक्यावर आहे, हे त्या फोटोंनी जगासमोर ठेवलं.

दीनदयाळांची कारागिरी मी आजही शिकणाऱ्या पोरांना दाखवतो. उजेड कसा घ्यावा, ते त्यांच्याकडून शिकावं. पण कॅमेरा घेऊन कोणाच्या दारात जावं, हे ओलव्यांकडून. आमच्या नगरपालिकेत पुढाऱ्यांच्या तसबिरी आहेत. पहाटे गाव झाडणाऱ्या बायकांचे फोटोही तिथेच, नावानिशी लागले पाहिजेत. फोटो मी काढून देईन. भिंत नगरपालिकेने द्यावी.