वाय-फाय मंदावले? आधी दोष शोधा, मग खर्च करा

दरमहा शंभर एमबीपीएसचे शुल्क भरूनही आतल्या खोलीत मुलांचा ऑनलाइन वर्ग अडखळत चालतो, असा अनुभव अनेक घरांत येतो. त्यावर उपाय म्हणून अधिक वेगाची महागडी योजना घेतली जाते. मात्र दोष घरातील वाय-फायमध्ये असेल, तर वाढीव बिलाने काहीच साधत नाही. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

पहिली चाचणी

इतर उपकरणांवरील डाउनलोड थांबवून लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. येथेही वेग कमी भरला, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत असतो. फायबरच्या उपकरणावरील 'एलओएस' हा दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा संदेशच पोहोचत नाही, असे समजावे. केबलवर वेग पुरेसा आणि वाय-फायवर अपुरा असेल, तर उपाय घरातच करायचा आहे. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात.

जागा महत्त्वाची

केबल जेथून घरात येते तेथेच, दाराशी किंवा टीव्हीच्या कपाटात राउटर बसवला जातो. काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट, आरसा व माशांची काचपेटी यांमुळे लहरी क्षीण होतात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व उघड्यावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय.

दोन पट्टे

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने दूर जातात. पण तेथे गर्दी फार असते. भारतात या पट्ट्याच्या घरगुती वापरासाठी २००५ पासून परवाना लागत नाही. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात असतात. येथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. त्यांपैकी कमी गर्दीचे निवडून चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पण पल्ला कमी असतो. राउटर असलेल्या खोलीत तो वापरावा.

मोठ्या घरासाठी

साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर संदेश घेतो आणि पुढे पाठवतो. त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. तो संदेश चांगला मिळतो अशा जागी ठेवावा, जेथे मिळतच नाही तेथे नव्हे. केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणे अधिक भरवशाचे ठरते. परीक्षा वा मुलाखतीच्या दिवशी तर लॅपटॉप केबलनेच जोडावा.

जोडणी वारंवार तुटत असल्यास राउटर तापतो का, अ‍ॅडॉप्टर सैल आहे का, हे पाहावे. सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि पासवर्ड बदलून डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडावी. परक्यांचा फुकट वापर त्यामुळे थांबतो.

तक्रार करताना

दोष बाहेरचा असल्यास केबलवर मोजलेल्या वेगाची तारीख-वेळेसह नोंद ठेवून कंपनीकडून तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ट्रायच्या २०१२ च्या नियमांत ही तरतूद आहे. हाती नोंदी असल्या, की 'आमच्याकडून सर्व ठीक आहे' या उत्तरावर ग्राहकाला गप्प बसावे लागत नाही.