पेशींची यांत्रिक संवेदना
दाब, ताण वा ओझे ओळखून पेशीने प्रतिसाद देणे. प्राणिपेशींच्या पटलात पिएझो नावाची प्रथिने असतात. पटल ताणले की ती उघडतात आणि कॅल्शियम आत शिरते. २०१० मध्ये ती शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल विभागून मिळाले. वनस्पतींची तऱ्हा वेगळी. बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याखाली वाऱ्याने लोळलेला ऊस पाहावा: काही दिवसांत शेंडा पुन्हा वर वळतो. पेशींतले जड पिष्टकण खालच्या अंगाला बसतात, तिकडे ऑक्सिन हे संप्रेरक वाढते. मग पेऱ्याजवळच्या वाढवलयातील खालच्या पेशी जास्त लांबतात आणि ऊस वाकतो. रोपाच्या दृष्टीने ही हुशारीच. ऊसतोड टोळीला मात्र असा वेडावाकडा फड नकोसा वाटतो, कारण त्याची मोळी धड बांधली जात नाही.