अडीच गुंठ्यांतले भोपळे

इंग्लंडातल्या अलॉटमेंटचा पूर्ण प्लॉट दहा रॉडांचा. रॉड म्हणजे साडेसोळा फूट, त्यामुळे दहा चौरस रॉड भरतात २,७२२ चौरस फूट, आणि आपल्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे. इतकं चोख जुळतं, कारण आपला गुंठाही इंग्रजी राजवटीच्या मोजणीत त्यांच्याच एकराला बांधला गेला. चाळीस गुंठ्यांचा एकर, एकशेसाठ रॉडांचा एकर. जमीन म्युनिसिपालिटीची, भाडं वर्षाचं, कसणारे आपण. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात माझा असा एक तुकडा आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग मी भोपळ्यांना देते.

अलॉटमेंटच्या इतिहासावर इथे भरपूर लिहिलं गेलं आहे. ते बहुतेक जमिनीबद्दल असतं. जमीन कुणाची होती, कुणी बळकावली, कुठल्या कायद्याने थोडीशी परत मिळाली. त्या जमिनीत काय लावायचं हे कुणी ठरवलं, याकडे फारसं कुणी वळत नाही. मला तोच प्रश्न मोठा वाटतो, आणि भोपळ्याचा माग काढला की त्याचं उत्तर मिळतं.

आधी जमीन. गावाचं गायरान, कुरणं, सरपणाची राखीव राने ही इंग्लंडातल्या गरिबाची खरी मिळकत होती. १६०४ ते १९१४ या काळात संसदेत पाच हजारांवर विधेयकं आली आणि सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण पडलं. इंग्लंडच्या भूभागाचा हा एक पंचमांश होतो. १६४९मध्ये जेरार्ड विन्स्टॅन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिलवर पडीक जमीन खणून तिथे पार्सनिप, गाजरं आणि घेवडे पेरले. ही जमीन सगळ्यांची आहे असं ते म्हणत होते. त्यांना मारून, पिकं तुडवून हुसकावण्यात आलं. भूमिहीनांना पोटापुरता तुकडा द्यावा, ही कल्पना जमीनदारांच्या गळी उतरायला आणखी दीडशे वर्षं गेली, आणि ती उतरली तीसुद्धा अटींसकट. नांगर चालवायचा नाही, कुदळ-फावड्यानेच खणायचं. रविवारी काम करायचं नाही. कितीतरी ठिकाणी चर्चला हजेरी लावण्याची अट होती, आणि गुन्ह्यात सापडला तर तुकडा गेला.

१८८७च्या कायद्याने मागणी असेल तिथे जमीन देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. १९०८च्या कायद्याने ती पक्की केली. आजही सहा रहिवाशांनी मिळून लेखी अर्ज केला, तर कौन्सिलला तो विचारात घ्यावाच लागतो. १९२२च्या कायद्याने कमाल मर्यादा चाळीस पोलांची घातली (पोल म्हणजे रॉडच), म्हणजे दहा गुंठे, आणि पीक मुख्यतः घरच्या खाण्यासाठी असावं असं लिहिलं. १९२५पासून मंत्र्यांच्या संमतीशिवाय कौन्सिलला अशी जमीन विकता येत नाही. मी ज्या मातीत आळी करते, ती या कलमांवर टिकून आहे. म्हणून मला ही कलमं पाठ आहेत.

आमच्या बर्मिंगहॅमची गोष्ट जरा वेगळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस शहराभोवती बागांचं एक कडंच होतं. कारागीर, दुकानदार वर्षाला गिनीभर भाडं देऊन हे तुकडे घेत, म्हणून त्यांना गिनी गार्डन्स म्हणत. शहर वाढलं आणि ते कडं विटांखाली गेलं. एजबॅस्टनमध्ये बोटॅनिकल गार्डन्सला लागून वेस्टबोर्न रोडवर त्यातला एक तुकडा शिल्लक आहे. आज शहरात शंभरावर अलॉटमेंट आहेत आणि आमच्या हँड्सवर्थमधल्या एकाच जागी चारशेच्या वर प्लॉट आहेत.

आता बी. भोपळा इंग्लंडला नवा नव्हता. अमेरिकेतून तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच युरोपात आला. रोमच्या व्हिला फार्नेसिनामध्ये जोव्हानी दा उदिने याने १५१५ ते १५१८च्या सुमारास छतावर फळांच्या माळा रंगवल्या, त्यांत तो आहे. जॉन जेरार्डच्या १५९७च्या वनस्पतीकोशात आहे. जॉन पार्किन्सन १६२९मध्ये लिहितो की गरीब लोक त्यातल्या बिया काढून आत सफरचंदं भरतात आणि तो अख्खा भाजून खातात. म्हणजे तेव्हा तो गरिबाच्या चुलीवर होता. नंतर बटाटा आला आणि भोपळा मागे पडला. जमीनदाराला बटाटा सोयीचा होता. थोड्या जागेत कुटुंब जगतं आणि मजूर शेतावर कामाला ताजातवाना येतो. भोपळ्याचा वेल मात्र पंधरा फूट पसरतो. मोजून दिलेल्या जमिनीत असा पसरणारा वेल बसवणं अवघडच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वाट्याला मॅरो राहिला. काकडीचा थोरला भाऊ वाटावा असा लांबट, हिरवा, पाणीदार. तो कंपोस्टच्या ढिगावर लावायची रीत आहे. आपल्याकडे भोपळ्याचा वेल उकिरड्यावर चढतो, तीच ही समजूत. मॅरोचे आलं घालून मुरंबे होत, खिमा भरून तो भाजत, आणि मुख्य म्हणजे गावच्या प्रदर्शनात सगळ्यांत मोठा कुणाचा, यावर बक्षीस असे. खाण्यासाठी म्हणून निवड झाली असती तर तो इतका मोठा आणि इतका बेचव झाला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. युद्धकाळात प्लॉट वाढले, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंधरा लाखांच्या आसपास गेले. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ या सरकारी मोहिमेच्या पत्रकांमधून कुठल्या ओळीत काय लावायचं याचे तक्ते घरोघर पोचले. लोक जगले हे खरं, पण निवड पुन्हा दुसऱ्याचीच. कूर्जेट, म्हणजे कोवळेपणीच तोडलेला मॅरो, इंग्रजी ताटात आला तो एलिझाबेथ डेव्हिडच्या १९५०च्या पाकपुस्तकानंतर.

खरी निवड दुसरीकडे चालली होती, आणि ती फार जुनी. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या गिला नाकित्झ गुहेत भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या, लागवडीखालच्या. रानटी भोपळ्याचा गर कडू असतो, तेव्हा माणसाने आधी खाल्ल्या त्या बिया. गोड गर पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला आहे. उत्तर अमेरिकेत होडेनोशोनी लोकांमध्ये शेती बायकांची. मका, घेवडा आणि भोपळा त्या एकाच उंचवट्यावर लावत. मक्याच्या ताटाला घेवडा धरतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं तण दाबतात. कुठलं बी ठेवायचं हेही त्याच ठरवत.

मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड बंदरात एलिझाबेथ हबर्ड नावाची बाई राहायची. जेम्स ग्रेगरी या तिथल्या गृहस्थांचं लक्ष तिने एका कडक सालीच्या, खरबरीत भोपळ्याच्या चवीकडे वेधलं. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचं बी विकायला काढलं, त्याला तिचं नाव दिलं आणि पुढे १८६७मध्ये भोपळ्याच्या लागवडीवर पुस्तकही लिहिलं. बियाण्याच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांत ग्रेगरींचं नाव घेतात. मला त्या बाईचं नाव आधी घ्यावंसं वाटतं. तिने भोपळा शिजवून, चाखून निवडला होता. अशीच एक निवड जपानमध्ये कानाझावाजवळच्या उत्सुगीत झाली. तिथला लालकेशरी, पेरूच्या घाटाचा भोपळा आज इंग्लंडच्या कॅटलॉगात ‘उचिकी कुरी’ म्हणून मिळतो. त्याची साल शिजल्यावर इतकी मऊ होते की सोलावी लागत नाही, आणि गराला उकडलेल्या रताळ्यासारखी पिठूळ चव असते.

हँड्सवर्थमध्ये खाण्याचे भोपळे कॅटलॉगातून आले त्याआधी माणसांबरोबर आले. १९५०नंतर जमैका, बार्बाडोसहून, पंजाबातून, सिल्हेटहून लोक इथल्या कारखान्यांत कामाला आले. १९६९मध्ये अलॉटमेंटबद्दल सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते बर्मिंगहॅम विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक हॅरी थॉर्प. अलॉटमेंटला गरिबीची कळा आहे, तिचं रूप बदलून सहकुटुंब वेळ घालवायच्या बागा कराव्यात, असा त्यांचा सल्ला होता. त्या काळात खूप प्लॉट ओस पडले होते, आणि असे ओस प्लॉट कितीतरी ठिकाणी या नव्या लोकांनी कसायला घेतले. माझ्या शेजारच्या प्लॉटवरचे जमैकन आजोबा सांगतात, त्यांना सूपला भोपळा हवा होता आणि बाजारात होता फक्त मॅरो. म्हणून लावला. शनिवारच्या सूपमध्ये भोपळा हवाच, यावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय जात निवडता येत नाही. खाण्याच्या भोपळ्याच्या तीन मुख्य जाती वनस्पतिशास्त्र मानतं: पेपो, मॅक्सिमा आणि मोस्काटा. शार्ल नोदॅ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५६मध्ये त्यांची नीट विभागणी केली. ओळखायचं देठावरून. पेपोचा देठ कडक आणि पाच धारांचा. मॅक्सिमाचा गोल, जाड, बुचासारखा. मोस्काटाचा कडक, पण फळाला चिकटतो तिथे पसरट. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, परसात होणारा तांबडा भोपळा मोस्काटा आणि आजोबांचा जमैकन भोपळाही मोस्काटाच. उष्ण प्रदेशातल्या मोस्काटाला दिवस लहान लागतात. बर्मिंगहॅममध्ये जूनअखेर साडेनऊपर्यंत उजेड असतो. असा वेल माजतो, नर फुलांनी भरतो, मादी फूल मात्र दिवस आखडल्यावर, ऑगस्टच्या शेवटाला दाखवतो. तोवर फळ पिकायला ऊन उरत नाही. आजोबांनी वर्षानुवर्षं जो वेल सगळ्यांत आधी फळ धरी त्याचंच बी ठेवलं, आणि आज त्यांचा भोपळा सप्टेंबरात पोसतो. त्यांच्या चिकाटीपुढे मी मनापासून नमते. बाकीच्यांसाठी ‘वॉल्थम बटरनट’ आहे. तोही मोस्काटा, पण मॅसॅच्युसेट्समध्ये निवडलेला, १९७०मध्ये अमेरिकेतल्या बियाणे परीक्षणात पुरस्कार मिळालेला. काचेखाली रोप करून लावला तर आमच्याकडेही पिकतो.

आजोबांचं ते बी मात्र कुठल्याही दुकानात नाही. ब्रिटन १९७३मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि भाजीच्या वाणांची राष्ट्रीय यादी आली. यादीत नाही ते बी विकायचं नाही. नोंदणीला पैसे लागत, आणि घरगुती वाणासाठी ते कोण भरणार होतं? कितीतरी जुने वाण तेव्हा कॅटलॉगातून गेले. सेंद्रिय बागकामाचा प्रसार करणाऱ्या लॉरेन्स हिल्स यांच्या संस्थेने बियांचं एक ग्रंथालयच सुरू केलं. सभासद व्हायचं, बी न्यायचं, लावायचं, जमेल तर परत द्यायचं. विक्री नाही, म्हणून कायद्याची आडकाठी नाही. जमिनीचा हक्क कायद्याने दिला, बियाचा हक्क लोकांना असा आडवाटेने सांभाळावा लागला.

बी ठेवायचं तर ते शुद्ध हवं, आणि चारशे प्लॉटवरच्या मधमाश्यांना कुंपण कळत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणार अशा कळ्या हेरायच्या. पाकळ्यांच्या टोकाला पिवळसर केशरी छटा येते, हिरवेपणा सरतो. मादी कळीच्या मागे बोराएवढा भोपळा असतो. तिचं आणि एका नर कळीचं टोक वेगवेगळं, लोकरीच्या दोऱ्याने अलगद बांधायचं. सकाळी आठच्या आत नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, उघडा परागकोष मादीच्या कुक्षीवर फिरवायचा, पिवळी पूड चिकटलेली दिसली पाहिजे. मग मादी फूल पुन्हा बांधायचं आणि देठाला रंगीत चिंधी. पेपोच्या बाबतीत यात कसूर करू नये. शोभेच्या कडू भोपळ्याशी संकर झाला तर पुढच्या पिढीच्या फळात विषारी कडवटपणा उतरतो. जर्मनीत २०१५मध्ये घरच्या बागेतल्या कडू कूर्जेटची भाजी खाऊन एक गृहस्थ दगावले. म्हणून घरच्या बियाचं फळ चिरलं की मी आधी कच्चा तुकडा जिभेला लावते आणि कडू लागला तर थुंकून सगळं फळ टाकते.

तीन जातींतला प्रत्येकी एकच वाण लावला तर आपल्या तुकड्यात तरी सरमिसळ होत नाही. यंदा पेपोमध्ये ‘डेलिकाटा’ आहे, चट्ट्यापट्ट्यांचा, छोटा. बिया काढून चकत्या तव्यावर परतायच्या, सालीसकट. तो जानेवारीपुढे टिकत नाही, आधी खाऊन संपवायचा. मोस्काटामध्ये बटरनट, भाजीसाठी. मेथीदाण्यांची फोडणी आणि गूळ त्याला मानवतो, फोडी मोडत नाहीत. मॅक्सिमामध्ये यंदा निवड करताना मी अडले होते. ‘क्राउन प्रिन्स’ निळसर करड्या सालीचा, चांगला वाळवला तर मार्चपर्यंत टिकणारा, आणि गर इतका कोरडा की घारग्यांना कणीक कमी लागते, भोपळ्याची चव राहते. पण तो संकरित आहे. त्याच्या बियातून तोच पुन्हा येत नाही, दरवर्षी पाकीट विकत आणावं लागतं. उचिकी कुरी ख्रिसमसच्या पुढे फारसा टिकत नाही, पण त्याचं बी आपलं राहतं. मी उचिकी कुरी घेतला आहे. घारगे डिसेंबरातच होतील. एप्रिलअखेरीस बिया कडेवर उभ्या करून कुंड्यांत जातील आणि थंडीचा शेवटचा कडाका गेला की जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं आळ्यांत, दोघांत दीड मीटर अंतर ठेवून. शेंबी गोगलगायींसाठी पहिले दहा दिवस रात्री टॉर्च घेऊन फेरी मारावी लागेल. आजोबांनी त्यांच्या भोपळ्याच्या सहा बिया कागदात बांधून दिल्या आहेत. त्या मोस्काटा आहेत, बटरनटपासून दूर ठेवायला हव्यात, म्हणून त्यांना जागा मी माझ्या तुकड्याच्या पार पलीकडच्या टोकाला, कंपोस्टच्या ढिगाशी काढली आहे, आणि तिथली फुलं रोज संध्याकाळी बांधणार आहे.