दातांवरचं लेखन

हेडफोन लावले असतील तर आधी एक काम करा. जिभेचा शेंडा खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. गुळगुळीत लागतंय का खरखरीत? खरखरीत लागत असेल, तर आजचा भाग तुमच्याच तोंडातल्या एका दगडाबद्दल आहे. आणि तो दगड काढायच्या हत्याराबद्दल.

हा विषय माझ्याकडे आला तो आईमुळे. २०२० साल. कंपनीनं लॅपटॉप देऊन घरी पाठवलं आणि मी पुण्याहून बडनेऱ्याला येऊन बसलो. सकाळी स्टँडअप मीटिंग सुरू असायची आणि बाजूच्या बेसिनवर आई ब्रश करून चूळ भरायची. एक दिवस बघितलं तर चूळ लाल. विचारलं तर म्हणे, वर्षभरापासून हायच तसं.

"आई, दात साफ करून घेऊ ना."

"कायले? तुह्या आबाजीचे दात कसे गेले, मले माईत हाय."

आबाजींची गोष्ट आमच्या घरात पक्की बसलेली. मी तेव्हा दोन-तीन वर्षांचा. आबाजींनी आयुष्यभर तंबाखू-चुना खाल्ला, दात काळे पडले, पण हलत नव्हते. मग कोणीतरी सांगितलं म्हणून दात साफ करून आणले. त्यानंतर दात हलायला लागले आणि वर्षभरात एकेक करून गेले. घरातला निकाल एका ओळीचा: सफाई केली म्हणून दात गेले. आमच्याच घरी नाही, वऱ्हाडात कोणाच्याही ओसरीवर बसा, असा एक तरी आबाजी भेटतोच.

मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, हा गैरसमज आहे, दहा मिनिटं शोधतो, एखादा व्हिडिओ आईला दाखवतो, विषय संपला. दहा मिनिटांचे तीन आठवडे झाले. कारण ही भीती शोधत मागं गेलो तर ती थेट जुन्या वैद्यकग्रंथांत निघाली.

सुश्रुतसंहितेत या दगडाला नाव आहे, दंतशर्करा. आज शर्करा म्हटलं की साखर डोळ्यांसमोर येते, पण संस्कृतात या शब्दाचा अर्थ बारीक खडा, रेती असाही होतो. म्हणजे दातावरची रेती. आणि उपाय सांगताना सुश्रुताची अट अशी, की दातांच्या मुळांना इजा न करता ही शर्करा काढावी. नंतर लाखेचं चूर्ण मधात कालवून तिथं लावावं. ती अट वाचून मी थांबलोच. मुळाला इजा होऊ शकते हे माहीत असल्याशिवाय अशी ताकीद कोण देईल? आईला जी भीती वाटते, तीच हत्यार हातात धरणाऱ्यालाही होती.

साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर हत्याराचं वर्णनच आहे. नाव दंतलेखनक. चौकोनी घडणीचं, आणि धार एकाच बाजूला. ही एका बाजूची धार लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आता नावातला 'लेखन' बघा. 'लिख्' या धातूचा अर्थ आधी खरडणं, ओरखडणं. आपण पाटीवर, ताडपत्रावर ओरखडे काढायला लागलो आणि त्यालाच लिहिणं म्हणू लागलो. म्हणजे लेखणी आणि स्केलर शब्दानं चुलत भाऊ आहेत. (हे कळल्यावर मी दिवसभर घरात सगळ्यांना सांगत फिरलो. कोणाला काही फरक पडला नाही.)

या ग्रंथाचा आपल्याशी एक जवळचा धागा आहे. वऱ्हाडात जुनं दगडी देऊळ दिसलं की आपण डोळे झाकून 'हेमाडपंती' म्हणतो. तो हेमाडपंत, म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री. त्यानं तेराव्या शतकात याच अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. हत्यारांचा अध्याय सूत्रस्थानात येतो आणि त्या भागावर त्याची टीका आहे. म्हणजे दात खरडायचं हत्यार देवगिरीच्या मंत्र्याच्या वाचनातलं होतं.

त्याच्याही आधी, इसवी सन १००० च्या आसपास, स्पेनमधल्या कोर्डोव्हाजवळ अल्-झहरावी नावाचा शल्यवैद्य होता. त्याच्या 'अल्-तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, आणि त्यात हत्यारांची चित्रं आहेत. दात खरडायची हत्यारं तब्बल १४. एवढी का? कारण दाताची आतली बाजू वेगळी, बाहेरची वेगळी, दोन दातांमधली फट आणखी वेगळी. एकाच आकाराचं पातं सगळीकडे पोचत नाही. रुग्णाचं डोकं मांडीवर घ्या, खरडा, एका बैठकीत झालं नाही तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी परत खरडा, असं तो सांगतो. घाई नाही. पुढं १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारनं दंतवैद्यकावर जाड ग्रंथ लिहिला, त्यातही छिन्नी आहे, पोपटाच्या चोचीसारखं हत्यार आहे. तिथं फार थांबत नाही, कारण मला पोचायचंय ते विसाव्या शतकात.

पण आधी दगड येतो कुठून? आपल्याकडे सगळं खापर पाण्यावर फुटतं. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी, गिझरच्या कॉईलवर साचतो तसा क्षार दातांवर साचत असणार, असं मलाही वाटायचं. तसं नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट येतं ते आपल्याच लाळेतून. दातावर जंतूंचा मऊ थर बसतो, रोज घासून निघाला तर ठीक, राहिला तर काही दिवसांतच त्यात लाळेतले क्षार भरायला लागतात आणि तो टणक होतो. लाळेच्या नळ्या जिथं उघडतात तिथं दगड जास्त: खालच्या पुढच्या दातांच्या मागं आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. म्हणून सुरुवातीला जीभ तिथंच फिरवायला सांगितली.

खरा घोळ हिरडीच्या खाली होतो. दगड खरखरीत, त्यावर जंतूंचा नवा थर, हिरडी सुजते, दातापासून सुटते, खिसा तयार होतो, त्या खिशात आणखी दगड. आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड हळूहळू झिजतं. वर्षानुवर्षं, आणि बहुतेक वेळा न दुखता.

तर १९३०-४० च्या सुमारास अमेरिकेत, मिशिगनमध्ये डॉ. क्लेटन ग्रेसी नावाचे दंतवैद्य याच खिशांच्या मागं लागले. खोल खिशात शिरायचं, पण हिरडी फाडायची नाही. शिकागोचे हत्यारं घडवणारे ह्यूगो फ्रीडमन यांच्याबरोबर त्यांनी क्युरेटचा एक संच बनवला. मूळ संचात नग किती? १४. अल्-झहरावीइतकेच. योगायोगच आहे, पण गणित तेच: दाताची प्रत्येक बाजू वेगळी, म्हणून दांड्याचं वळण वेगळं. ५-६ नंबर पुढच्या दातांना, ११-१२ दाढेच्या पुढच्या कडेला, १३-१४ मागच्या कडेला. आणि धार? एकाच बाजूला. पातं दांड्याशी ७० अंशांत कललेलं, खालची कड कापते, वरची कापत नाही. एक बाजू दाताकडे, दुसरी हिरडीकडे. हिरडीकडच्या बाजूला धारच नसेल तर हिरडी वाचते. वाग्भटाच्या हत्याराची एकच धार आणि ग्रेसीची एकच धार यांच्यात थेट नातं आहे असा माझा दावा नाही. पण मध्ये हजारावर वर्षं आहेत आणि प्रश्न दोघांसमोर एकच होता.

वापरायची पद्धतही लिहिण्यासारखीच. हत्यार पेनसारखं धरायचं, एक बोट शेजारच्या दातावर टेकवायचं म्हणजे हात घसरत नाही, पातं दगडाच्या खाली न्यायचं, कोन ४५ ते ९० अंशांच्या मध्ये ठेवायचा आणि वर ओढायचं. खिशात दिसत काहीच नाही. दांड्यातून बोटांना जी थरथर कळते तेवढ्यावर काम. खरखर लागतेय तोवर दगड, गुळगुळीत लागलं की झालं.

आता आबाजी. त्यांचे दात सफाईनं गेले नाहीत. हाड तंबाखूनं आणि त्या दगडानं आधीच गेलं होतं. पण तोच दगड शेजारच्या दातांना सिमेंटसारखा बांधून उभा होता. दगड काढला, आधार गेला, आणि आतून जे आधीच ढिलं झालं होतं ते दिसायला लागलं. त्यामुळे घरातल्यांनी जे बघितलं ते खोटं नव्हतं, कारण तेवढं चुकलं. आणि हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण, हाही प्रश्नच.

कारण सांगणारा माणूस कायद्यात आहे. अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये त्यासाठी शाळाच काढली. डेंटल हायजिनिस्ट हा पेशा तिथून उभा राहिला. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात डेंटल हायजिनिस्टची स्वतंत्र व्याख्या आली: दात खरवडणारी, साफ करणारी, आणि दातांची निगा कशी राखायची ते लोकांना शिकवणारी व्यक्ती. शिकवणंही त्या कामातच धरलं होतं. अमरावतीत डेंटल कॉलेज आहे, अकोल्यातही आहे. पण हायजिनिस्टची पाटी मी आजवर बडनेऱ्यात बघितलेली नाही. तुमच्या गावात दिसली तर फोटो पाठवा.

मी आईला हे सगळं सांगितलं. हेमाडपंतापर्यंत तिनं ऐकून घेतलं. मग म्हणे, "आबाजीले कोणी सांगतलं असतं तर बुढा भेला नसता." त्या आठवड्यात आम्ही अमरावतीला गेलो.

आणि इथं २०२० नं गंमत केली. १९५० च्या दशकापासून हे काम अल्ट्रासॉनिक मशीननं होतं, टोक सूक्ष्म कंपनं करतं आणि वर पाण्याचा फवारा. झटपट होतं, आणि परिणामात हाताच्या हत्यारापेक्षा कमी नाही, हेही सांगायला हवं. पण करोनात तो फवाराच धोक्याचा ठरला. जमेल तिथं हातानं करा, अशा सूचना जगभर निघाल्या. त्यामुळे फेस शील्ड आणि पीपीई किट घातलेल्या डॉक्टरीणबाईंनी आईचं तोंड चार भागांत वाटून घेतलं आणि चार खेपांत सगळं हातानं केलं. मी बाहेर बसून कॉल घेत होतो, आतून खर्र, खर्र. पहिल्याच खेपेला त्यांनी आईला आरसा दिला आणि खालचे दोन दात बोटानं हलवून दाखवले. हे आत्ताच हलताहेत, दगड काढल्यावर जास्त जाणवतील, फट दिसेल.

तसंच झालं. आई कित्येक दिवस त्या फटीत जीभ घालून बसायची आणि माझ्याकडे बघायची. मला झोप लागायची नाही. फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, शेवटची खेप लांबली. त्या दोन दातांपैकी एक पुढच्या वर्षी गेला. दुसरा आहे. चुळीत रक्त येणं थांबलं.

आता मशीन परत आलंय, पण दर सहा महिन्यांनी आई खुर्चीत बसली की आधीच सांगते, हाताचंच औजार घ्या. मशीन आधी फिरतंच, मग हातानंही करून देतात. गेल्या वेळी मी सोबत होतो. ट्रेमध्ये हत्यारं मांडलेली, एकाच्या दांड्यावर ११/१२ कोरलेलं. मी खूश होऊन आईला दाखवायला गेलो, "हे बघ, याला धार एकाच बाजूनं असते."

"मले माईत हाय," आई म्हणाली. "मांगच्या खेपेलेच त्याइनं दाखोलं."