गो खेळणारे मुक्तस्रोत संगणक प्रोग्राम

गो या पूर्व आशियाई पटखेळाचा डाव खेळणारे असे संगणक प्रोग्राम, की ज्यांचा सोर्स कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. ग्नू गो, फुएगो, पाची, लीला झीरो व काटागो ही त्यांतील ठळक नावे.

१९ आडव्या व १९ उभ्या रेषांच्या पटावर ३६१ छेदबिंदू असतात. त्यांवर काळे-पांढरे खडे मांडून जागा वेढायची, एवढाच हा खेळ. तरीही १९९७ मध्ये संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवल्यानंतर जवळजवळ दोन दशके गो त्याच्या हाती लागला नाही. चालींची अफाट संख्या हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अर्धेच खरे आहे. बुद्धिबळात वजीर गेला की नुकसान लगेच मोजता येते. गोमध्ये सगळे खडे सारख्याच मोलाचे असतात आणि एखादा गट जिवंत आहे की मेलेला, म्हणजे वेढला जाऊन पकडला जाणारा, हे पुष्कळदा पुढच्या वीस-तीस चालींवर ठरते.

ग्नू गोची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली. पुढे डॅनियल बंप, गुन्नार फार्नेबेक व आरेंड बायर यांनी तो वाढवला. खडे कसे मांडलेले असताना कोणती चाल बरी, हे माणसांनी हाताने लिहून ठेवायचे आणि गटांच्या जगण्या-मरण्याचा हिशोब प्रोग्रामने करायचा, अशी त्याची रीत होती. या रीतीने तो मध्यम हौशी खेळाडूच्या पलीकडे फारसा गेला नाही. त्याची टिकाऊ देणगी वेगळीच आहे: पट दाखवणारा प्रोग्राम आणि चाल शोधणारा प्रोग्राम यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी त्याच्यासोबत घडलेली साध्या मजकुराची आज्ञापद्धती, गो टेक्स्ट प्रोटोकॉल. आजचे बहुतेक सगळे प्रोग्राम तीच वापरतात.

२००६ मध्ये रेमी कुलोम यांच्या क्रेझी स्टोन या प्रोग्रामने मॉन्टे कार्लो वृक्षशोध आणला. एखाद्या चालीपासून डाव यदृच्छेने शेवटपर्यंत हजारो वेळा खेळून पाहायचा आणि जी चाल जास्त वेळा जिंकते तिचा शोध अधिक खोल न्यायचा, ही ती पद्धत. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचा फुएगो याच पद्धतीचा. त्याने २००९ मध्ये ९×९ च्या लहान पटावर चौ चुन-शुन या ९ दान श्रेणीच्या व्यावसायिकाला बिनसवलतीच्या डावात हरवले. पेत्र बाउदिश यांचा पाचीही त्याच घराण्यातला.

२०१६ मध्ये डीपमाइंडच्या अल्फागोने सोलमध्ये अव्वल व्यावसायिक ली सेडोलला ४–१ ने हरवले. कंपनीने शोधनिबंध प्रसिद्ध केले, पण प्रोग्राम दिला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये अल्फागोची पुढची आवृत्ती असलेल्या अल्फागो झीरोचा निबंध आला आणि त्याच महिन्यात बेल्जियमचे जान-कार्लो पास्कुत्तो यांनी त्यावरून लिहिलेला लीला झीरो खुला केला. कोड लिहिणे हा त्यातला सोपा भाग. खेळाची सगळी समज न्यूरल नेटवर्कच्या लक्षावधी आकड्यांत असते आणि ते आकडे स्वतःशीच असंख्य डाव खेळून मिळवावे लागतात. साध्या घरगुती यंत्रावर याला सुमारे १७०० वर्षे लागतील, असा पास्कुत्तो यांचा अंदाज होता. म्हणून हे काम जगभरच्या स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांवर वाटून दिले गेले. इथे मुक्तस्रोत म्हणजे नुसता मोकळा कोड उरला नाही. वीजबिलही वाटून घेतले गेले.

लीला झीरो बलाढ्य होता, पण हेकट. तो फक्त जिंकण्याची शक्यता मोजत असे. त्यामुळे आघाडीवर असताना तो ढिसाळ चाली करी, सवलतीच्या डावांत गोंधळे आणि नवशिक्यालाही दिसणारी ‘शिडी’ (तिरप्या पायऱ्यांनी पाठलाग करून खडे पकडण्याची मांडणी) कधीकधी त्याला दिसत नसे. डेव्हिड वू यांनी २०१९ मध्ये आणलेल्या काटागोने या उणिवांवर नेमके बोट ठेवले. तो जिंकण्याच्या शक्यतेबरोबर किती गुणांनी पुढे-मागे आहोत आणि कोणता बिंदू अखेर कोणाचा होईल, हेही वर्तवतो. शिडीची माहिती त्याला आधीच पुरवली जाते. वेगवेगळे नियम आणि पटाचे लहान-मोठे आकारही त्याला चालतात. तीसपेक्षा कमी ग्राफिक्स प्रोसेसरांवर १९ दिवसांत तो फेसबुकच्या ईएलएफ ओपनगोच्या पुढे गेला. ओपनगोला त्यासाठी हजारो लागले होते. खेळलेल्या डावाची चिकित्सा करायला आज व्यावसायिकांपासून हौशींपर्यंत अनेक जण काटागोच उघडतात.

तो सर्वांच्या हाती असल्यामुळेच त्याचे व्यंगही सापडले. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी केवळ काटागोला हरवण्यासाठी एक प्रोग्राम शिकवला. तो स्वतः हौशी माणसाकडूनही हरतो. आपल्या एका जिवंत गटाभोवती काटागोला वर्तुळाकार साखळी रचायला लावायची आणि मग ती साखळीच बाहेरून घेरायची, ही त्याची युक्ती. साखळी मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत काटागो निर्धास्त असतो. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या हौशी खेळाडूने ही युक्ती शिकून, संगणकाची मदत न घेता, १५ पैकी १४ डाव जिंकले. लीला झीरोही तिला बळी पडला. त्यानंतर काटागोच्या शिक्षणात अशा मांडण्या घालण्यात आल्या. पण २०२४ मध्ये संशोधकांनी बचावाचे तीन मार्ग तपासले, तेव्हा नव्याने शिकवलेल्या हल्लेखोरांनी तिन्ही भेदले.