कालचा बंडवाला, आजचा रखवालदार

पश्चिमेस नाणेघाट, दक्षिणेच्या अंगाला भीमाशंकरचें अरण्य, आणि मधल्या खोऱ्यांतून महादेव कोळी समाजाचीं गांवें. जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांचा डोंगरी भाग असा आहे. येथील तरुणांना पोलिसाच्या नोकरीची ओढ असावी यांत नवल नाहीं. धांवण्याची परीक्षा तीं पोरें सहज उतरतात. अडचण येते ती पूर्वचरित्राच्या चौकशींत. ऐन विशींत कोणी गांजा ओढला, त्यावरून खटला झाला, पुढें तो सुधारला. अशाच्या हातीं कायद्याचा दंडा द्यावा कीं नाहीं? हा प्रश्न आजचा वाटतो. पण याच डोंगरांत तो पेशवाईंतच उभा राहिला होता, आणि तेथें गांजाच्या जागीं दरोडा होता.

जावजी बांबळे हा त्या काळचा नामांकित कोळी नाईक. सरकाराशीं बिनसल्यावर तो डोंगरांत शिरला आणि वर्षानुवर्षें त्यानें पेशव्यांच्या फौजांना दाद दिली नाहीं. शेवटीं पाठलाग असह्य झाला, तेव्हां नाशिकचे पेशव्यांचे अधिकारी धोंडो गोपाळ यांच्या सल्ल्यानें त्यानें आपले किल्ले तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले. होळकरांच्या रदबदलीनें त्याला माफी मिळाली. एवढ्यावर गोष्ट थांबली नाहीं. साठ गांवांचा बंदोबस्त त्याच्याकडे सोंपवण्यांत आला आणि कोळी दरोडेखोरांना देहान्त शासन करण्याचा अधिकारही त्यालाच देण्यांत आला. ज्याच्या धाकानें गांवें रात्री जागत, त्याच्याच भरंवशावर तीं झोंपूं लागलीं!

ही दरबाराची उदारता होती असें कोणीं समजूं नये. तो नाइलाज होता. डोंगरांतील चोरवाटा ज्याला ठाऊक, तोच त्या अडवूं शकणार, हा त्यामागील हिशेब. मात्र त्या व्यवहारांत एक गोष्ट स्वच्छ होती. जावजीचें पूर्वचरित्र कोणापासून लपलेलें नव्हतें, आणि तें सर्वांस माहीत असतांनाच त्याला अधिकार मिळाला.

इंग्रजी अमलानें प्रथम हीच वाट धरली. १८२७ च्या सुमारास पुरंदरकडील रामोश्यांचा बंदोबस्त होईना, तेव्हां त्यांचे गुन्हे माफ करून त्यांना डोंगरी पोलिसांत घेण्यांत आलें. पण पगार देऊन माणूस विकत घेतां येतो ही समजूत फसवी ठरली. उमाजी नाईक पुन्हां बंडांत उतरले आणि १८३२ सालीं त्यांना पुण्यास फांशी झाली. जुन्नरच्या उत्तरेस, अकोल्याच्या बाजूला, रामजी भांगरे हे तर पोलीसखात्यांतच नोकरीला होते. हक्काची आवक सरकारनें बंद केल्यावर ते नोकरी सोडून बंडांत गेले. त्यांचे चिरंजीव राघोजी यांनाही पोलिसांतील जागा नाकारण्यांत आली आणि तेथूनच त्यांच्या बंडाला तोंड फुटलें, असें परंपरा सांगते. २ मे १८४८ रोजीं ठाण्यास राघोजींना फांशी देण्यांत आली.

एवढें होऊनही १८५७ च्या धामधुमींत कॅप्टन नटॉल यांनीं याच लोकांची पलटण उभारली. बांबळे कुळांतीलच दुसरा एक जावजी नाईक तिचा प्रमुख होता, आणि निरनिराळ्या कुळांच्या म्होरक्यांना तींत हुद्दे मिळाले. १८६१ सालीं पलटण मोडली. थोडे शिपाई पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे परतले. पुढें १८७३ पासून जांबोरीचे होन्या भागोजी केंगले यांनीं सावकारांचीं नाकें कापण्यास आरंभ केला. १८७६ सालीं ते पकडले जाईपर्यंत सरकारला पुन्हां डोंगर धुंडाळावे लागले.

तेव्हां माफीचा अधिकार सरदाराच्या शब्दांत होता. आतां तो कागदांवर तपासला जातो. मेहर सिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं सांगितलें कीं, निर्दोष सुटलेल्या उमेदवारालाही पोलिसांत घेतलेंच पाहिजे असें नाहीं. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यांत त्याच न्यायालयानें दुसरी बाजू मांडली. अटक, खटला वा शिक्षा यांविषयीं विचारलेली माहिती उमेदवारानें खरी द्यावी. आणि तरुणपणींचा किरकोळ अपराध असेल तर नेमणूक करणाऱ्यानें विवेकानें तो माफही करावा. गांजाची गोष्ट या दृष्टीनें अधिक नाजूक आहे, कारण ज्यानें खटल्याची नोंद दडवली, त्याच्या मूळच्या दोषांत लबाडीची भर पडते.

१९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत ६४-अ हें एक कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणांतील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयांत उपचार घेऊं लागला, तर त्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट सोडले तर हें संरक्षण काढून घेतां येतें. जावजीच्या माफीपत्राशीं या कलमाचें नातें जवळचें आहे. मात्र जावजीला माफीबरोबर साठ गांवांचा बंदोबस्तही मिळाला होता. नोकरीच्या पात्रतेविषयीं हें कलम कांहींच बोलत नाहीं.