फळबागेतील जमीन उघडी नको
नांदेड, लातूर जिल्ह्यांत तणविरहित, लख्ख बाग हे उत्तम मशागतीचे लक्षण मानले जाते. काळ्या भारी जमिनीत मात्र ही स्वच्छता महागात पडते. उन्हाळ्यात उघडी जमीन तापून भेगाळते. भेगांतून ओल उडते, तंतुमुळे तुटतात. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ही हानी परवडणारी नाही. पावसाळ्याच्या प्रारंभी आंबा, मोसंबीच्या ओळींमध्ये ताग किंवा चवळी पेरावी. फुलोरा येताच कापून जागीच पसरावी. उशीर केल्यास तेच पीक झाडांच्या वाट्याची ओल पिते. पाऊस सरल्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट (जे सर्रास जाळले जाते!) आळ्यात जाड अंथरावे. बुंध्यालगतची जागा मात्र मोकळी ठेवावी, अन्यथा मोसंबीत डिंक्याचा धोका वाढतो.